वेळ थांबली म्हणून पल्ला बदलावा का? मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटू मुलीच्या कारकिर्दीविषयी

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय एकोणीस, वजन ५० किलो. पंधराव्या वर्षी तू १५०० मीटर ४:३६ मध्ये धावलीस आणि त्यानंतरच्या तीन हंगामांत ४:४१ च्या आत आलेली नाहीस. ८०० मीटरची सध्याची वेळ २:१२ आहे. वर्षभरात नडगी दोन वेळा दुखावली, आणि गेले पाच महिने पाळी आलेली नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की चार किलो वजन उतरवावे आणि १०,००० मीटर व अर्ध मॅरेथॉनकडे वळावे. हा सल्ला मानावा का, आणि या पल्ल्यांत मुलीच्या हाती एकूण वर्षे तरी किती असतात, हे तुला जाणून घ्यायचे आहे.

मी स्वतः बारा वर्षे १५०० आणि ३००० मीटर धावले आणि गेली बावीस वर्षे मुलींना शिकवते आहे. वयाने तुझ्या आईच्या बरोबरीची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझे उत्तर आधीच सांगून टाकते: वजन एक ग्रॅमही उतरवू नकोस, स्पर्धेचा पल्ला निदान दोन वर्षे बदलू नकोस, आणि या दोन्हींच्या आधी डॉक्टरांकडे जा. पाळीचा उल्लेख तू प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता केला आहेस. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, परंतु तिथे पोहोचण्यापूर्वी वेळ का थांबली ते समजून घेऊ, कारण त्याच गैरसमजातून पुढचे सगळे चुकीचे सल्ले निघतात.

वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते, त्याबरोबर स्नायू आणि रक्तातील हिमोग्लोबिनही वाढते, आणि चौदा ते एकोणीस या वयात मुलगा काहीही विशेष न करता दरवर्षी वेगवान होत जातो. मुलीच्या वाट्याला हे आयते वाढीव बळ येत नाही. तिचे कंबरेचे हाड रुंदावते, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, वजनाचा तोल बदलतो आणि हिमोग्लोबिन जवळपास होते तिथेच राहते. पंधराव्या वर्षीची तुझी ४:३६ ही वेळ काही अंशी एका लहान, हलक्या शरीराची वेळ होती. ते शरीर आता नाही आणि ते परत आणण्याचा प्रयत्न करण्यात अर्थही नाही. नव्या शरीराला स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि धावण्याची नवी लय कमवायला वेळ लागतो, आणि या काळात एक ते तीन वर्षे वेळ थांबणे, क्वचित मागे जाणे, हे मी इतक्या मुलींमध्ये पाहिले आहे की आता मी ते वेळापत्रकातच धरून चालते. अडचण अशी की बहुतेक प्रशिक्षक मुलांचा आलेख डोळ्यांसमोर ठेवून मुलींकडे पाहतात. आलेख सपाट झाला की त्यांना आळस दिसतो, वजन दिसते किंवा चुकीचा पल्ला दिसतो. वाट पाहण्याचा पर्याय मात्र फारसा कुणाला सुचत नाही.

या सपाट वर्षांत मुलीला हलके होण्याचा सल्ला मिळाला, की खरे नुकसान सुरू होते. सुरुवातीला वेळ सुधारतेही, आणि म्हणूनच हा सल्ला इतका टिकून आहे. काही महिने मुलगी हलक्या शरीराने वेगाने धावते, सगळे खूश असतात, आणि मग पाळी थांबते, झोप बिघडते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही आणि एके दिवशी नडगीच्या किंवा पायाच्या हाडाला चीर जाते.

हे का घडते ते आकड्यांनी सांगते, कारण आकडे दिसले की मुलींना पटते. क्रीडा-वैद्यकात ऊर्जेची उपलब्धता अशी एक कल्पना आहे. दिवसभरात खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला चरबी वगळता उरणाऱ्या शरीराच्या वजनाने भागायचे. हा आकडा प्रति किलो ४५ कॅलरींच्या आसपास असला तर शरीराची सगळी कामे नीट चालतात, आणि तो ३० च्या खाली बराच काळ राहिला तर हार्मोन्सचे चक्र कोलमडू लागते. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, एखादीला ३३ वरही त्रास होतो. पण अंदाजासाठी आकडा चांगला आहे. आता तुझा हिशेब करू. ५० किलोपैकी चरबी वगळून साधारण ४० किलो धरू. धावताना एका किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते, म्हणजे रोज सरासरी १० किलोमीटरला ५०० कॅलरी. तेव्हा तुला दिवसाला ४० गुणिले ४५, म्हणजे १८०० आणि वर ५००, अशा २३०० कॅलरी हव्यात. समजा तू १६०० खातेस, जे ऐकायला उपासमारीसारखे मुळीच वाटत नाही. त्यातून ५०० गेल्या, ११०० उरल्या आणि ४० ने भागल्यावर आकडा आला साडेसत्तावीस. भूक लागली आहे असे न वाटताही मुलगी या खड्ड्यात महिनोन्‌महिने राहू शकते, कारण कठोर सरावानंतर भूकच मरते.

इतकी तूट सोसताना शरीर काटकसर करते, आणि काटकसरीची सुरुवात जगण्यासाठी तातडीचे नसलेल्या कामापासून होते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून बीजांडकोशापर्यंत जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन हाडांची राखण करते. ते घटले की हाडांची झीज भरून निघत नाही, आणि हे नेमके त्या वयात घडते ज्या वयात आयुष्यभराची हाडे बांधून होत असतात. विशीपर्यंत हाडांचा बहुतेक साठा जमा झालेला असतो. तुझी दोनदा दुखावलेली नडगी आणि पाच महिने न आलेली पाळी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे मला वाटत नाही. १९९० च्या दशकात या त्रासाला खेळाडू महिलांचे त्रिकूट म्हणत, म्हणजे बिघडलेले खाणे, बंद पाळी आणि ठिसूळ हाडे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवली आणि रेड-एस (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव रूढ केले, कारण यात हृदय, प्रतिकारशक्ती, पचन आणि मनःस्थिती हे सारेच सापडते आणि पुरुषही यातून सुटत नाहीत.

माझ्या पिढीला हे कुणी सांगितले नव्हते. एकविसाव्या वर्षी माझी पाळी आठ महिने बंद होती आणि माझे तेव्हाचे प्रशिक्षक त्याला ‘सराव अंगी लागल्याची खूण’ म्हणत. मला तर ती सोयच वाटे. नडगीत एका जागी, बोटाने दाबता येईल अशा एका बिंदूवर दुखायचे आणि मी त्यावर पट्टी बांधून तीन महिने धावले. हाडाला चीर गेली, दोन हंगाम गेले, आणि परतल्यावर मी ३००० मीटरमध्ये माझ्या जुन्या वेळेच्या जवळ पुन्हा कधी गेले नाही. मोठ्या मंचावरचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेच्या मेरी केनचे घे. २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, ती जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. पुढे २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद राहिली आणि पाच हाडे मोडली.

तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा क्रीडा-वैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा. सलग तीन महिने पाळी आली नाही की तपासणी करायची, हा साधा नियम आहे आणि तू पाच महिने काढले आहेस. ते आधी इतर कारणे तपासतील, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (वाढले तर पाळी थांबवणारे एक हार्मोन) पाहतील, आणि तुझा नडगीचा इतिहास ऐकून बहुधा हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणीही सांगतील. नडगीचे दुखणे पसरट आहे की एका बिंदूवर आहे, आणि त्या पायावर उडी मारल्यावर ते वाढते का, हे त्यांना आवर्जून सांग. गर्भनिरोधक गोळ्या घेऊन महिन्याला रक्तस्राव सुरू झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नकोस. तो रक्तस्राव गोळीमुळे येतो, त्यावरून तुझ्या शरीराचे चक्र सावरले की नाही हे कळत नाही आणि हाडांचे नुकसानही त्याने भरून निघेल असे नाही. खरे औषध पुरेसे खाणे आणि काही आठवडे सराव कमी करणे हेच आहे.

त्याच वेळी रक्तातील फेरिटिनही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, रिकामा असू शकतो आणि लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये हे वारंवार आढळते, कारण पाळीतून, घामातून आणि आतड्यांतूनही लोह जाते. लोहाच्या गोळ्यांवर खेळाच्या नियमांत बंदी नाही. मात्र कुणी शिरेतून लोह देऊ म्हणाले तर थांब: बारा तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे, मग त्या द्रवात काहीही असो, रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया, निदानासाठीच्या तपासण्या किंवा आधी घेतलेली वैद्यकीय सूट एवढेच त्याला अपवाद आहेत.

आता पल्ल्याकडे येऊ. हा खरोखर रंजक विषय आहे आणि यावर मी एरवी तासभर बोलते.

वेळ थांबली हे पल्ला वाढवण्याचे कारण असू शकत नाही. मग कारण काय असते? मी एक सोपा हिशेब करते. धावपटूची वेगवेगळ्या पल्ल्यांवरची सर्वोत्तम वेळ घ्यायची, तिची ४०० मीटरची सरासरी फेरी काढायची आणि पल्ला वाढला की फेरी किती सेकंदांनी मंदावते ते पाहायचे. ब्रिटनच्या केली होम्सची ८०० मीटरची सर्वोत्तम वेळ १:५६.२१ होती, म्हणजे फेरी ५८.१ सेकंद, १५०० मीटरची ३:५७.९०, म्हणजे फेरी ६३.४. फरक पाच सेकंदांहून अधिक. केनियाच्या फेथ किप्येगॉनची ८०० मीटरची वेळ १:५७.६८ आहे, म्हणजे होम्सपेक्षा सव्वा-दीड सेकंदाने संथ, फेरी ५८.८, पण तिच्या १५०० मीटरच्या ३:४८.६८ या विश्वविक्रमात फेरी ६१ सेकंदांची पडते. फरक जेमतेम दोन सेकंद! हीच किप्येगॉन २०२३ मध्ये ५००० मीटर १४:०५.२० मध्ये धावली आणि तिथे फेरी ६७.६ सेकंदांची आहे. होम्स ही वेग टिकवणारी ८०० मीटरची धावपटू होती आणि तिने १५०० मीटर जिंकून दाखवली. किप्येगॉनला पल्ला वाढला तरी फार थोडे गमवावे लागते, म्हणून तिला ५००० मीटर परकी वाटली नाही. दोघींच्या ८०० मीटरच्या वेळा शेजारी ठेवल्या असत्या तर हे कळले नसते.

तुझा हिशेब याच रीतीने मांडते. २:१२ म्हणजे ६६ ची फेरी, ४:४१ म्हणजे जवळपास ७५ ची. फरक नऊ सेकंदांचा आहे आणि तो फार मोठा आहे. याचे दोन अर्थ संभवतात. एक, तुझ्याकडे वेग आहे आणि दम कच्चा आहे. दुसरा, दम होता, परंतु ऊर्जेच्या तुटीने आणि कदाचित लोहाच्या कमतरतेने तो खाल्ला आहे, कारण या दोन्हींचा फटका आधी लांबच्या पल्ल्याला बसतो. तुझ्या बाबतीत मला दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. पंधराव्या वर्षी ४:३६ धावणाऱ्या मुलीला दम नव्हता असे म्हणणे कठीण आहे. कोणताही अर्थ खरा असला तरी १०,००० मीटरला तू तुझी कमजोर बाजू घेऊन उतरशील.

इथे तुझ्या प्रशिक्षकांना एक न्याय द्यायला हवा. लांब धावण्याचा सराव आणि लांब पल्ल्याची स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट तुला हवी आहे, हे त्यांचे म्हणणे असेल तर ते बरोबर आहे. ८०० मीटरलासुद्धा सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा प्राणवायूच्या वाटेने येते आणि १५०० मीटरला तर चार-पंचमांशांहून अधिक. म्हणून स्पर्धा नसलेल्या महिन्यांत संथ लांब धावणे, टेम्पो (दमवणाऱ्या पण टिकवता येणाऱ्या सम वेगाचे धावणे) आणि क्रॉस-कंट्री (ट्रॅकबाहेर, माळरानावरचे धावणे) हे तुझे मुख्य अन्न असायला हवे. क्रॉस-कंट्रीवर माझे विशेष प्रेम आहे, हे मान्य करते. तिथे घड्याळाला किंमत नसते, चिखल आणि चढ असतात, आणि वेळेच्या धास्तीत सापडलेली मुलगी तिथे पुन्हा शर्यत करायला शिकते. किप्येगॉन २०११ मध्ये आणि ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ १९९२ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक क्रॉस-कंट्री विजेत्या होत्या.

रॅडक्लिफचे उदाहरण योग्य कारणाने पल्ला वाढवण्याचे आहे. तिचा दम अफाट होता, परंतु शेवटच्या फेरीतला झटका नव्हता. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, १०,००० मीटरची शर्यत ती बहुतेक वेळ पुढे राहून ओढत होती आणि अखेरीस चौथी आली. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेतही पुन्हा चौथी. २००२ मध्ये ती लंडनला पहिली मॅरेथॉन २:१८:५६ मध्ये धावली आणि २००३ मध्ये त्याच मार्गावर २:१५:२५ चा विक्रम केला, जो २०१९ पर्यंत अबाधित राहिला. पल्ला वाढवला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिच्या मागे दहा वर्षांचा ट्रॅकचा वेग होता. नेदरलँड्सच्या सिफान हसनची वाट आणखी विलक्षण आहे: २०१५ मध्ये १५०० मीटरचे जागतिक कांस्य, २०१९ मध्ये एकाच जागतिक स्पर्धेत १५०० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके, टोकियो ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके व १५०० मीटरचे कांस्य, तिसाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन, आणि पॅरिस २०२४ मध्ये ५००० व १०,००० मीटरची कांस्यपदके घेऊन शेवटी मॅरेथॉनचे सुवर्ण. तिच्यासारखे वेळापत्रक मी कुणालाही देणार नाही. तिच्या मॅरेथॉनच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मात्र १५०० मीटरची धावपटू लख्ख दिसते.

वेग आधी आणि पल्ला मागून, ही चाल यासाठी की दम तिशीतही वाढवता येतो, पण विशीत न जोपासलेला वेग पुढे मिळवणे फार अवघड जाते. या चालीला अपवाद आहेत. ललिता बाबर मॅरेथॉन धावत असताना ३००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे) वळली, २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिला कांस्य मिळाले आणि रिओ २०१६ मध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ धावून तिने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. पल्ला कमी करूनही कारकीर्द फुलते, हे मी तिच्याकडे पाहून मान्य केले. त्याआधी मी या बाबतीत बरीच हट्टी होते.

जुन्या जाणत्या लोकांचे सल्ले ऐकताना एक इतिहासही लक्षात ठेव. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर पहिल्यांदा झाली, जर्मनीची लिना राड्के २:१६.८ मध्ये जिंकली, आणि शर्यतीनंतर मुली कोसळल्याच्या अतिरंजित बातम्यांच्या आधारे ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून गायब झाली. १५०० मीटर १९७२ मध्ये आली, ३००० मीटर आणि मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, ५००० मीटर १९९६ मध्ये आणि स्टीपलचेस थेट २००८ मध्ये. म्हणजे काही दशकांपूर्वी मुलीचा पल्ला तिच्या घडणीवरून ठरतच नसे, उपलब्ध शर्यतींवरून ठरे. त्या काळात घडलेल्या प्रशिक्षकांकडे मुलींच्या दीर्घ कारकिर्दीचे नमुने कमी होते, यात त्यांचा दोष नाही. तुझ्याकडे मात्र ते आहेत.

त्यावरून तुझा दुसरा प्रश्न, वर्षे किती? होम्स अठराव्या वर्षी खेळ सोडून सैन्यात गेली, काही वर्षांनी परतली, दुखापतींनी तिचे हंगामच्या हंगाम गेले, आणि २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकला, चौतिसाव्या वर्षी, तिने ८०० आणि १५०० मीटर दोन्ही जिंकल्या. रोमानियाची कॉन्स्टान्टिना दिता २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकची मॅरेथॉन अडतिसाव्या वर्षी जिंकली. या असामान्य बायका आहेत, तरी सामान्य अनुभवही फार वेगळा नाही: ८०० आणि १५०० मीटरला मी चांगल्या मुलींची सर्वोत्तम वर्षे बावीस ते तीसच्या दरम्यान पाहिली आहेत, ५००० आणि १०,००० मीटरला त्यापुढे तीन-चार वर्षे, आणि मॅरेथॉनला पस्तिशी ओलांडूनही. तुझ्या पुढे दहा वर्षे सहज आहेत. एकोणिसाव्या वर्षी थांबलेल्या वेळेपेक्षा, या दहापैकी किती वर्षे तू दुखापतीवाचून सलग सराव करतेस, यावर जास्त अवलंबून आहे. सलग दोनशे साधे आठवडे करणारी मुलगी, अधूनमधून अफाट आठवडे करून अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला मागे टाकते. मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मुलाबाळांचा विषय तू काढलेला नाहीस, तरी थोडे लिहिते, कारण तेविशीनंतर तो प्रत्येकीच्या मनात असतो आणि कुणी मोकळेपणाने बोलत नाही. बाळंतपण म्हणजे कारकिर्दीचा शेवट, हे आता खरे राहिलेले नाही. किप्येगॉनला जून २०१८ मध्ये मुलगी झाली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तिला रौप्य मिळाले आणि तिच्या वर सांगितलेल्या ट्रॅकवरच्या साऱ्या वेळा त्यानंतरच्या आहेत. रॅडक्लिफ मुलीच्या जन्मानंतर सुमारे दहा महिन्यांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पण ही नावे ऐकून घाई करणाऱ्या मुलींना मी अडवते. ओटीपोटाचे आणि कटितळाचे (गर्भाशय व मूत्राशय खालून तोलून धरणारे) स्नायू सावरायला वेळ लागतो, आणि सर्वसाधारणपणे बारा आठवड्यांच्या आत धावायला सुरुवात करू नये असे महिला-आरोग्याचे फिजिओथेरपिस्ट सांगतात. चांगल्या फिजिओकडून तपासणी करून घेतल्याखेरीज माझ्याकडे कुणी परत ट्रॅकवर उतरत नाही. प्रायोजकांचा करार करण्याची वेळ आली, तर गरोदरपणात मानधन कापले जाणार नाही असे कलम त्यात आहे का, ते आधी वाचून घ्यायचे, एवढे ध्यानात ठेव.

प्रशिक्षकांशी बोलणे तुला अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. डॉक्टरांचा अहवाल हातात घेऊन जा; कागद समोर असला की बोलणे वजनावरून तब्येतीकडे वळते. बहुतेक प्रशिक्षक वाईट नसतात, त्यांना हे शिकवलेले नसते, आणि अहवाल पाहून बदललेले काही जण माझ्या ओळखीचे आहेत. ते तरीही वजनकाट्यावरच अडून राहिले, तर प्रशिक्षक बदलण्याचा विचार कर. हा बदल मला पल्ल्याच्या बदलापेक्षा कमी धोक्याचा वाटतो.

पुढच्या महिन्यांचे साधारण वेळापत्रक असे धर. डॉक्टर परवानगी देईपर्यंत सगळ्या जलद फेऱ्या बंद, धावणे निम्म्यावर, आणि ज्या दिवशी नडगी दुखेल त्या दिवशी पोहणे किंवा सायकल. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम, कारण हाडांना आणि पोटऱ्यांना तोच हवा आहे. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खायचेच, भूक असो वा नसो. पाळीच्या तारखा वहीत सरावाच्या शेजारीच लिहायच्या. माझ्या मुलींच्या वह्यांत हा रकाना पहिल्या दिवसापासून असतो आणि तो रिकामा दिसला की सराव मीच कमी करते. पाळी परत यायला काही महिने लागू शकतात. ती आली की आठवड्याचे किलोमीटर सावकाश वाढवत ६० ते ७० वर ने, दर चौथा आठवडा हलका ठेव, लांब धावणे बोलता येईल इतक्या संथपणे कर, आणि आठवड्यातून एकदा १५० ते २०० मीटरचे काही मोकळे, जलद तुकडे धावत राहा, म्हणजे वेग गंजणार नाही. पहिल्या हंगामात ट्रॅकवर आठ-दहा शर्यतींपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांत दोन ३००० मीटरच्या असू देत, केवळ हिशेबासाठी.

सलग तीन-चार पाळ्या वेळेवर आल्या आणि नडगी शांत राहिली की ८०० आणि १५०० मीटरची वेळ पुन्हा लाव आणि फेऱ्यांमधला फरक काढ. नऊ सेकंदांचा फरक सहावर आला, तर दम परत येतो आहे असे समज आणि १५०० मीटरवर ठाम राहा. बावीस-तेविसाव्या वर्षी तो चारच्या खाली गेला आणि ३००० मीटरची वेळही बरोबरीने सुधारत असेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा आपण ५००० मीटरविषयी बोलू.